पाणी दोन्हीकडे सारखंच चढलं: कोकणातल्या एका मॉलचा हिशेब

२२ जुलै २०२१ ला चिपळूण, खेड आणि महाड ही तिन्ही गावं एकाच पावसात बुडाली. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री. नद्या तीन, गत एक. मी ज्या मॉलबद्दल लिहितोय तो या तिन्हींपैकी एका गावात आहे. कोणत्या, ते सांगत नाही. इमारत अजून उभी आहे, गाळेधारकांची भांडणं चालू आहेत आणि मी २०१५ पासून त्यांच्या संस्थेचे हिशेब लिहितो. ओळख पटेल असे तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय.

त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते, म्हणजे पुरानंतर बरोबर पन्नास दिवसांनी. जुन्या पेठेत तोवर बहुतेक दुकानं उघडली होती. भिंतींवर पाण्याची रेघ होती, काही ठिकाणी फळ्या टाकून काउंटर केलेलं होतं, पण कापूर, मखराचं सामान, साड्या, फटाके, सगळं मिळत होतं. पेठेपासून पाच मिनिटांवरच्या मॉलमध्ये मात्र दिवासुद्धा नव्हता. तिथे पहिला दिवा लागला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि तोही फक्त तळमजल्यावर.

पाणी दोन्हीकडे सारखंच चढलं होतं. किंबहुना पेठेचं नुकसान जास्त, कारण माल तिथे जास्त होता. मग एक जागा पन्नास दिवसांत उठते आणि दुसरी सात महिने अंधारात बसते, असं का? विषय निघाला की गावात दोनच उत्तरं मिळतात. एक, 'पुरानं मारलं'. दुसरं, 'ऑनलाइननं मारलं'. माझ्या वह्या दोन्हींच्या बाजूने बोलत नाहीत.

गिरणीचं गेट पाहिलेली माणसं

बुकिंग सुरू झालं २०१० साली. त्या काळात मॉल या शब्दाला वजन होतं. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडला तेव्हा आत जायलाही क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवावा लागे, ही गोष्ट गावाकडे कौतुकानं सांगितली जायची. पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल झाला. ज्या वस्त्यांमध्ये कोकणातले गिरणी कामगार राहिले, १९८२ च्या संपात पोळले, त्यांच्या डोळ्यांदेखत चिमणीखाली काचेची दुकानं आली.

ब्रोशर घेऊन बिल्डरची माणसं आली ती याच लोकांकडे. गणपतीत चाकरमानी गावी असताना स्टँडजवळ मांडव टाकून बुकिंग घेतलं. आमच्या वाडीतल्या एका काकांनी, गिरणीतून बाहेर पडल्यावर बेस्टमध्ये नोकरी केलेल्या, फंडाचे पैसे त्यात घातले. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. "काका, मॉलमधला गाळा म्हणजे पेठेतलं दुकान नव्हे," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "अरे, मॉल म्हणजे काय ते मला नको सांगूस. ज्या गेटातून मी तीस वर्षं आत गेलो तिथे आता मॉलच आहे."

त्यांनी मॉल पाहिला होता, यात शंका नाही. तिथली दुकानं विकलेली नसतात, भाड्याने दिलेली असतात, आणि सगळ्याचा मालक एकच असतो, ही गोष्ट मात्र मॉलमध्ये फिरून दिसत नाही. एकच मालक असला की कोणत्या मजल्यावर चपला आणि कोणत्या मजल्यावर खाणं हे तो ठरवतो. एखादं चांगलं दुकान यावं म्हणून त्याला सहा महिने भाडं माफ करतो, कारण त्या दुकानाची गर्दी त्याला दुसऱ्या दहा दुकानांतून भरून मिळते. इथे बिल्डरने दुकानं सुटी सुटी विकली, पैसे घेतले आणि पुढच्या प्रकल्पाला लागला. मॉल विकला गेला, पण चालवायला कोणी उरलं नाही. या प्रकरणाचं मूळ मला इथेच दिसतं. पुढचं सगळं त्याचे फाटे आहेत.

इमारतीची रचना अशी: तळघरात पार्किंग, जनरेटर, विजेचं मुख्य पॅनेल आणि आगीसाठीचा पंप. तळमजल्यावर २४ गाळे. पहिला मजला अख्खा एका मोठ्या साखळी दुकानाला भाड्याने. त्याची मालकी बिल्डरने स्वतःकडे ठेवली. दुसऱ्या मजल्यावर २२ गाळे आणि एक फूडकोर्ट. सरकता जिना तळमजल्यावरून पहिल्यापर्यंतच. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट किंवा साधा जिना. नदीपासून ढांगभर अंतरावर पॅनेल तळघरात ठेवावं, हे २००५ चा २६ जुलै पाहिलेल्या गावात कोणाला सुचलं, हा प्रश्न मी तीन सभांमध्ये विचारलाय. आर्किटेक्ट पुण्याचा होता, असं उत्तर मिळतं.

काकांचा गाळा

काकांचा गाळा दुसऱ्या मजल्यावर. आतून मोजला तर १८० चौरस फूट. लोडिंग, म्हणजे जिने-पॅसेजसारख्या सामाईक जागेचा वाटा, पन्नास टक्के, म्हणून कागदावर २७०. दर ५,५०० रुपये. एकूण १४,८५,००० रुपये. नोंदणी, मुद्रांक वेगळे.

यात आमिष होतं ते 'हमखास परतावा'. तीन वर्षं, वर्षाला नऊ टक्के, बिल्डर स्वतः देणार. म्हणजे वर्षाचे १,३३,६५०, महिन्याला ११ हजारांच्या आसपास. हे पैसे आले, अगदी वेळेवर आले. काकांनी त्यातून घराचं कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकला. पण तीन वर्षांचे मिळून चार लाख होतात, आणि गाळ्याच्या किमतीत ते आधीच धरलेले होते. पेठेला लागून असलेल्या नव्या इमारतीत तेव्हा दर चार हजारांच्या खाली होता. स्वतःचेच पैसे हप्त्याने परत घेणं आणि त्याला भाडं म्हणणं, असा तो प्रकार.

२०१५ च्या दसऱ्याला मुदत संपली. काकांच्या गाळ्याला खरं भाडं मिळालं ४,५०० रुपये. त्यातून देखभाल खर्च चौरस फुटाला पाच रुपयांनी, तोही कागदावरच्या २७० वर, म्हणजे १,३५०. हातात ३,१५०. वर्षाचे ३७,८०० म्हणजे गुंतवणुकीवर अडीच टक्के, आणि घरपट्टी अजून भरायची आहे. पोस्टात ठेवले असते तर तिप्पट मिळाले असते, हे काकांना मी सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतःच काढलं होतं, कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने.

आता भाडेकरूच्या बाजूने बघा. त्या गाळ्यात एका मुलीने लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकलं होतं. भाडं ४,५००, दुकानाच्या मापाने येणारी एसीची वर्गणी, व्यापारी दराने वीज, एक मदतनीस. महिन्याला साधारण १६ हजार खर्च. कपड्यात सुटणारा नफा पंचवीस-तीस टक्के धरला, तर निव्वळ खर्च निघायला साठ हजारांची विक्री हवी, आणि तिच्या घरी पैसे जायला त्याच्या दुप्पट. तिची विक्री गणपती, दिवाळी आणि मे हे तीन महिने लाखाच्या पुढे, बाकी नऊ महिने तीस-पस्तीस हजार. चौदाव्या महिन्यात तिने दुकान बंद केलं. जाताना काचेवरचा हत्तीचा स्टिकर तसाच राहिला. तो अजून आहे.

आगोट आणि पिशवी

ब्रोशरमध्ये गिऱ्हाइकांचा अंदाज तालुक्यांच्या लोकसंख्येवरून काढलेला होता आणि लोकसंख्या वाढत जाणार असं गृहीत धरलेलं होतं. बुकिंग चालू असतानाच २०११ ची जनगणना आली. रत्नागिरी जिल्हा २००१ मध्ये १६,९६,७७७ होता, तो १६,१५,०६९ झाला. सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरला. महाराष्ट्र त्या दहा वर्षांत सोळा टक्क्यांनी वाढला आणि आमचे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, कारण कर्ते पुरुष मुंबईत. म्हणजे गावात रोजची खरेदी करणार ती घरची बाई किंवा म्हातारी माणसं, मुंबईहून येणाऱ्या पैशांतून, हात राखून. कमावता तरुण जोडप्याने शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये जातो, ते जोडपं आमच्याकडे नालासोपाऱ्याला असतं.

आणि ते गणपतीला गावी येतं तेव्हा खरेदी दादरला करून येतं.

कोकणातल्या घराची सगळ्यात मोठी खरेदी आगोटीची. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, चार महिन्यांची बेगमी: तांदूळ, डाळी, मिरची, मीठ, सुकी मासळी, ताडपत्री, छत्र्या, मुलांचे रेनकोट, गुरांची पेंड. आंब्याचे पैसे हातात येतात तेही याच सुमारास. या खरेदीत एका घराचे पंधरा-वीस हजार सहज जातात. मॉलमध्ये त्यातलं जवळपास काहीच मिळत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या दुकानात तांदूळ होता, पण पाच किलोच्या सीलबंद पिशवीत. क्विंटलाने तांदूळ घेणारं गिऱ्हाईक त्या पिशवीकडे बघून हसायचं.

दुसरी गोष्ट पिशवीची. वाडीतून बाजाराला आलेल्या बाईचा दिवस एसटीच्या वेळेला बांधलेला असतो. ती सकाळच्या गाडीने येते, दीडच्या गाडीने परत जाते. मधल्या वेळात बँक, डॉक्टर, तलाठी, मासळी, भाजी, किराणा. पेठेतल्या वाण्याचं दुकान हे तिचं सामान ठेवायचं ठिकाणही असतं. मासळीची पिशवी दाराबाहेर खुंटीला, भाजी फळीखाली, आणि गाडीची वेळ झाली की दुकानातला पोरगा सगळं उचलून स्टँडवर नेऊन देतो. न जमलं तर ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून सांगतो, "अमक्या फाट्यावर उतरवा." पैसे पुढच्या खेपेला दिले तरी चालतात, वही आहेच.

मॉलच्या दारात गणवेशातला माणूस होता. २०१३ च्या पावसाळ्यातली गोष्ट, मी स्वतः पाहिलेली. खाडीपलीकडच्या गावातली एक मावशी, नातवासाठी बूट घ्यायला आलेली. हातात कोळंबीची पिशवी, तिच्यातून पाणी ठिपकतंय. वॉचमनने ती बाहेर ठेवायला सांगितली. टोकनवाल्याने घ्यायला नकार दिला, बाकीच्यांच्या सामानाला वास लागेल म्हणून. वॉचमनही गावातलाच, ओशाळला होता बिचारा. मावशीने एकदा काचेतून आतल्या चकचकीत फरशीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बाबा, तुझी फरशी खराब व्हायची." बूट तिने पेठेत घेतले. कोळंबी तिथल्या खुंटीला होती.

तिला कोणी हाकललं नाही, अपमान केला नाही. नियम होता. पण त्या नियमानं तालुक्याच्या बाजाराला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला दाराबाहेर ठेवलं, कारण मासळीच्या दिवशी रिकाम्या हाताने बाजारात फिरणारी बाई आमच्याकडे शोधून सापडायची नाही.

एसी बंद झाला तेव्हा

गाळेधारकांची संस्था स्थापन होऊन २०१५ च्या शेवटी इमारत तिच्या ताब्यात आली. ४६ गाळ्यांपैकी नऊ मालक गावात. बाकीचे मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार; दोघं आखातात. पहिल्या सभेला अकरा जण आले. देखभाल खर्चाची थकबाकी पहिल्याच वर्षात सुरू झाली. ज्याचा गाळा बंद तो म्हणे, मी वापरत नाही तर का भरू? ज्याचा चालू तो म्हणे, अर्ध्या गाळ्यांना कुलूप आहे, मग गिऱ्हाईक येणार कसं, आधी ते उघडा. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं.

मार्च २०१६ मध्ये सेंट्रल एसी बंद करायचा ठराव झाला. वीजबिल निम्म्यावर आलं आणि सगळे खूश झाले. पण इमारत काचेची. उघडणारी खिडकी एक नाही. मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर उभं राहवेना. जूनमध्ये पाऊस लागला आणि दमट हवा आत कोंडली. चपलांच्या दुकानदाराने मला जुलैत वर बोलावलं. शोकेसमधल्या चामडी बुटांवर, पर्सच्या पट्ट्यांवर पांढरी मऊ बुरशी, पिठी साखर भुरभुरवल्यासारखी. त्याने बोट फिरवून दाखवलं आणि काही न बोलता बोट पँटला पुसलं. पेठेतल्या त्याच्या भावाच्या दुकानात, कौलांखाली, पंखासुद्धा नसताना तोच माल ठणठणीत होता. तिथे वारा पुढच्या दाराने येऊन मागच्या दाराने जातो.

'ऑनलाइननं मारलं' म्हणणाऱ्यांना मी इथे तारखा दाखवतो. त्या मार्चपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या २२ पैकी ११ गाळ्यांना कुलूप लागलेलं होतं. जिओ आला सप्टेंबर २०१६ मध्ये. वाड्यावाड्यांत मोबाइलवरून वस्तू मागवायला लोक खऱ्या अर्थाने लागले ते त्यानंतर. मोबाइल, बूट, तयार कपडे यांच्यावर त्याचा मार बसला, पेठेतल्या दुकानांवरही बसला, हे मी नाकारत नाही. पेठेतली मोबाइलची दुकानं आता निव्वळ दुरुस्ती आणि रिचार्जवर आहेत. पण मॉलचा वरचा मजला त्याच्या आधीच अर्धा मेला होता. नोव्हेंबरातली नोटाबंदी, पुढच्या जुलैत जीएसटी, या धक्क्यांचंही तेच. निरोगी माणूस ज्या तापातून उठतो त्यात आजारी जातो.

मार्च २०१९ मध्ये पहिल्या मजल्यावरचं साखळी दुकान गेलं. अमेरिकेत मॉल मरतात ते बहुधा याच क्रमाने. १९५६ मध्ये मिनेसोटात साउथडेल हा पहिला पूर्ण बंदिस्त मॉल झाला. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आधाराने छोटी दुकानं उभी करायची, ही तिकडची पद्धत. सीअर्ससारखी कंपनी ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या आधारावरचे कितीतरी मॉल लटकले. तिकडे छोट्या दुकानदारांच्या करारात अनेकदा कलमच असतं की मोठं दुकान गेलं तर आमचं भाडं कमी होईल किंवा आम्ही जाऊ शकू. आमच्याकडे असं कलम कोणाच्याच करारात नव्हतं. लोक कलमाशिवायच गेले. तळमजल्यावरचे आठ गाळे वर्षभरात रिकामे झाले. सरकता जिना बंद केला. तेव्हापासून तो नुसता जिना आहे, आणि त्याच्या पायऱ्या साध्या जिन्यापेक्षा उंच असल्याने म्हातारी माणसं शिव्या घालत चढतात.

हे फक्त आडगावी घडतं असं नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता-सल्लागार कंपनीने देशातल्या आठ मोठ्या शहरांत २०२३ मध्ये ६४ 'घोस्ट' मॉल मोजले, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेले. मोठे, एका मालकाचे मॉल त्याच शहरांत जोरात चालतात. रिकामे पडतात ते बहुतेक छोटे, आणि गाळे सुटे विकलेले.

पन्नास दिवस

करोनाची दोन वर्षं लवकर सांगतो. जून २०२० पासून राज्यात रस्त्यावरची दुकानं टप्प्याटप्प्याने उघडली, पण आदेशात 'मॉल आणि मार्केट कॉम्प्लेक्स वगळून' असं होतं. मॉल उघडायला ५ ऑगस्ट उजाडला. चालू असलेल्या पंधरा-सोळा दुकानदारांनी 'आमचा मॉल नाहीच' असा अर्ज तयार केला, बोर्डावरचं 'मॉल' कापडाने झाकलंही. मी आदेश वाचून दाखवला: मार्केट कॉम्प्लेक्सही बंदच. कापड मात्र तसंच राहिलं, पुरात वाहून जाईपर्यंत.

मग २२ जुलै. तळघर तुडुंब, तळमजला छताला लागेपर्यंत. पाणी ओसरल्यावर तळघरात कमरेएवढा गाळ. पॅनेल, जनरेटर, पंप, लिफ्टची यंत्रणा, सगळं गेलं.

जुन्या पेठेतल्या एका कापड दुकानाचेही हिशेब मी बघतो. तिसरी पिढी. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं, माहेरी आलेली लेकसुद्धा, फावडी घेऊन आत होती. गावाकडून कुळातली पोरं आली, बाहेरगावाहून आलेले स्वयंसेवक मदतीला लागले. चार दिवसांत गाळ बाहेर. भिजलेल्या साड्या धुऊन, दोऱ्यांवर वाळवून, दुकानासमोरच शंभर-शंभर रुपयांना काढल्या. सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन केला. वीस वर्षांचा व्यवहार, त्याने दिवाळीच्या वायद्यावर नवा माल पाठवला. वायरमन वाडीतलाच, त्याने एक बोर्ड आणि दोन बल्ब लावून दिले. सरकारी मदत, नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, पुढे आली ती आली. तिची वाट बघत कोणी बसलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकान चालू. किती निर्णय झाले या सगळ्यात? पंधरा-वीस तरी असतील. घेणारा माणूस एक, फार तर बायकोला विचारून.

मॉलमध्ये एकच निर्णय घ्यायचा होता: पॅनेल आणि लिफ्टसाठी साडेअकरा लाख उभे करायचे. संस्थेच्या खात्यात दोन लाख दहा हजार. येणी थकबाकी एकोणीस लाख. विम्याची पॉलिसी काढून पाहिली तर हप्ता कमी व्हावा म्हणून पूर-वादळाचं संरक्षण दोन वर्षांपूर्वी वगळलेलं. ठरावावर सूचक, अनुमोदक, आणि इतिवृत्तात माझंच अक्षर. आक्षेप मी तोंडी घेतला होता. लेखी घ्यायला हवा होता, ही चूक माझी.

सभा फोनवर झाली. तळमजल्याचे म्हणाले, आम्हाला लिफ्ट लागतच नाही, आमची वीज वेगळी करा. दुसऱ्या मजल्याचे म्हणाले, लिफ्ट नसेल तर आमच्या गाळ्यांची किंमत शून्य. पहिला मजला बिल्डरचा, त्याचा वाटा सगळ्यात मोठा. मजला रिकामा आहे, सध्या काही जमणार नाही, असं सांगून तो लाइनवरून गेला. आखातातल्या एकाने पूर्ण रक्कम एकट्याने द्यायची तयारी दाखवली, नंतर वसूल करून देणार असाल तर. वसूल करणार कोण, यावर सभा संपली. अशा सहा सभा झाल्या. शेवटी तळमजल्यावरच्या चौदा जणांनी आपापसात पैसे काढले आणि बाहेरच्या भिंतीला स्वतंत्र मीटर बसवून घेतले. वरचे मजले आजही अंधारात आहेत.

काका त्या सभांना फोन कानाला लावून गप्प बसायचे. पाचव्या सभेनंतर म्हणाले, "गिरणीत मालक एक होता, आम्ही हजारो होतो, तरी संपाचा निर्णय एका दिवसात झाला. इथे सेहेचाळीस मालक आहेत आणि कामगार एकही नाही."

सध्या

तळमजल्यावर आता एक पतसंस्था, एक एटीएम, रक्त तपासणीची लॅब, दोन कोचिंग क्लास, चष्म्याचं दुकान, आणि मागच्या अंगाला ऑनलाइन कंपनीच्या पार्सलांचं गोदाम. सकाळी आठला टेम्पो लागतो, पोरं गोण्या फोडून वाडीवार ढीग करतात आणि मोटारसायकलींवर निघतात. देखभाल खर्च पाच तारखेच्या आत भरणारा हा एकमेव भाडेकरू. त्यांना चकचकीत फरशी लागत नाही, एसी लागत नाही, गिऱ्हाईक आत यायला लागत नाही. कोळंबीवाल्या मावशीच्या नातवाचे बूट आता बहुधा याच गोदामातून जात असतील. पत्त्यात गाव तेच दिसतं.

जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी', म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, भरावा लागतो. तळघरातला पंप बंद असल्याने तो कोणी परवानाधारक देत नाही, आणि नगरपरिषदेची नोटीस येते. उत्तर मी लिहितो. मसुदा तयारच आहे, तारीख तेवढी बदलतो.

गोदामवाल्यांना जागा वाढवायची आहे. मागच्या बाजूचे सहा गाळे, मधल्या भिंती काढून, एकत्र हवेत. भाडं चांगलं देतायत, करार पाच वर्षांचा, आणि आगीचा पंप ते स्वतःच्या खर्चाने वरच्या पातळीवर बसवायला तयार आहेत. पाच मालकांनी सह्या केल्या. त्यात काका नाहीत, त्यांचा गाळा वरचा. पण लिफ्टचंही बोलणं यात निघेल म्हणून त्यांनीच पाच जणांना फोन करून राजी केलं. सहावा गाळा विरारच्या एका गृहस्थांचा. ते करोनात वारले. तीन मुलगे, वारसांची नोंद झालेली नाही, आणि धाकट्याचं म्हणणं आहे की आधी दादरच्या खोलीचा निकाल लागू दे, मग गाळ्याचं बघू. मागच्या सोमवारी काका सकाळच्या गाडीने विरारला गेले. येताना फोन केला होता, गाडी पनवेलच्या पुढे होती, आवाज तुटत होता. मोठा मुलगा तयार आहे एवढं कळलं.